फोटोवर उडालेली लाल शाई

मैत्रिणींनो, दुपारची भीती अजून अंगातून गेली नाही, म्हणून लिहितेय.

अकोल्यातल्या आमच्या फ्लेक्स छपाईच्या दुकानात आज मूर्तिजापूरकडची एक बाई आली. कालपासून तिचा नवरा घरी आला नव्हता. त्याच्या फोटोचा बॅनर स्टेशनवर लावायचा होता. तिच्याकडे मोबाइल नाही, म्हणून खाली माझाच नंबर टाकला.

बॅनर मशीनमधून बाहेर आला आणि मी दचकले. ‘हरवले आहेत’ या लाल अक्षरांची शाई धुक्यासारखी उडून त्याच्या कपाळावर, गालांवर बसली होती.

"ताई, यायच्यावर गुलाल काहून टाकला?" तिनं विचारलं.

आमच्याकडे प्रेतावर गुलाल टाकतात.

मशीन चालवणारे रशीदभाई घाईनं म्हणाले, "गुलाल नाही भाभी, शाई उडून राह्यली. मशीनले गरमी चढली."

त्यांनी शाई सोडणारं हेड फ्लेक्सच्या आणखी जवळ घेऊन थोडं छापून पाहिलं, तरी लाल धुकं तसंच. मी फ्लेक्सला हात लावला तर झटका बसला, हातावरचे केस उभे राहिले. कोरड्या उन्हानं फ्लेक्सनं करंट धरला होता, तोच शाई भलतीकडे ओढत होता. मशीनच्या अर्थिंगची तार सुटलेली निघाली. ती जोडली, हवेत ओल यावी म्हणून खोलीत ओली पोती अंथरली. दुसरा बॅनर स्वच्छ आला.

तरीही तिनं पदरानं फोटोतलं त्याचं कपाळ पुसलं. मग बॅनर घेऊन गेली.

मघाशी अनोळखी नंबरवरून फोन आला. शेवटच्या रिंगला उचलला. लग्नाच्या बॅनरची चौकशी होती.

तुम्हीच सांगा, आता हा फोन वाजावा म्हणू, की वाजू नये?