आंब्याचं दार

"सकाळी पहिलं दार कोण उघडतं?"

दाराला लाकूड कोणतं घ्यावं, असं विचारत कुणी आलं की चाचा आधी हे विचारायचे. लाकडाचं नाव नंतर. गिऱ्हाईक गोंधळून जायचं. दार काय, कुणीही उघडेल. पण चाचांना उत्तर हवं असायचं आणि ते मिळेपर्यंत त्यांच्या कानावरची पेन्सिल खाली उतरायची नाही.

कळंबात आमच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर त्यांचं घर. एका अंगाला पत्र्याची शेड, तिथं सुतारकाम चालायचं, आणि शेजारी घराचं दार सरळ रस्त्यावर उघडणारं. मी कड्या, बिजागऱ्या, खिळे विकतो, तेव्हा त्यांचं गिऱ्हाईक ते बहुतेक माझंही गिऱ्हाईक. वडिलांच्या मागं मी गल्ल्यावर बसलो त्या दिवसापासून ते मला 'शेठ' म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला कधी कळलं नाही.

एकदा नवं घर बांधणारा एक जण आला. त्याला जाडजूड सागवानी दार हवं होतं, पाहुण्यांनी बघत राहावं असं. चाचांनी नेहमीचा प्रश्न टाकला.

"आई उघडती. सडा मारायला," तो म्हणाला.

"मग सागवानच घेऊ, पर दोन फळ्यांचं करू. एक फळी म्हातारीच्या हाताला झेपंल. पाव्हणे कवातरी येत्यात, सडा रोज असतो."

तुळजापूरच्या एका लॉजवाल्यालाही त्यांनी हेच विचारलं होतं. "रोज नवा माणूस उघडतो की," तो हसत म्हणाला. चाचा हसले नाहीत. "मग फ्लश डोअर घाल अन् मोकळा हो. तुझा अन् माझा, दोघांचा येळ वाचंल."

तसे ते हट्टी नव्हते. न्हाणीला प्लास्टिकचं दार खुशाल लावा म्हणायचे. चौकटीला बाभूळ, मागच्या दाराला लिंब, कारण त्याच्या वाटेला वाळवी जात नाही, आणि ऐपत असेल तर पुढं सागवान. फक्त आंब्याचं नाव काढायचं नाही. "आंबा खायचा. दाराला लावायचा न्हाय." स्वस्तात पडतं म्हणून कुणी फारच अडून बसलं तर त्याला चहा पाजून परत पाठवायचे. आंब्याचं लाकूड वाकतं, पावसाळ्यात फुगतं, मग दार खाली घासायला लागतं. घासणारं दार त्यांना सहन होत नसे. "माणसानं बोलावं, दारानं बोलू न्हाय," असं म्हणत ते माझ्या दुकानात बिजागरी न् बिजागरी कानाशी उघडझाप करून घ्यायचे. मी चिडायचो. आमचा अर्धा चौक त्यांनी केलेल्या दारांमागं राहतो, आणि पहाटे त्यातलं कोणतं उघडलं हे कुणाला ऐकू येत नाही.

मग चाची विसरायला लागल्या.

सुरुवातीला मीठ दोनदा, चहात साखर नाही, असं. मुलगा पुण्याला नोकरीला, त्यामुळं घरात दोघंच. एका पहाटे चाची घरात नव्हत्या. बराच वेळ शोधल्यावर एसटी स्टँडवर सापडल्या. परंड्याच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत एक उशीचा अभ्रा. परंडा त्यांचं माहेर. तिथं आता त्यांचं कुणी उरलेलं नव्हतं.

ते आठवड्यात पुन्हा घडलं. मीच चाचांना म्हणालो, "बाहेरून एक कडी लावू. तुम्ही झोपताना मी येऊन लावत जाईन, पहाटे काढीन."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी हातातली कडी खाली ठेवली. "गोठ्याला लावत्यात शेठ, बाहीरनं कडी. तिनं चाळीस वरसं त्या दारातनं ये-जा केली."

मग मी पितळी घंटी दिली. दाराला बांधली. दुसऱ्या दिवशी घंटी गायब. तिसऱ्या दिवशी ती फडताळात सापडली, घासूनपुसून, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. आयुष्यभर घर आवरलेली बाई. सगळं विसरल्या, पण वस्तू जागेवर ठेवायचं विसरल्या नाहीत. ते सांगताना चाचा हसले.

त्यानंतर त्यांनी घराचं दार उतरवलं. सागवानी, स्वतःच्या हातचं, अजून पन्नास पावसाळे टिकलं असतं असं. वखारीतून आंबा आणला, तोही ओला. शेडमध्ये त्याच्या फळ्या कापायला लागले तेव्हा येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मिस्त्रीचं पण डोकं फिरलं, असं लोक माझ्या दुकानात बोलायचे. मलाही वेगळं वाटत नव्हतं. दार बसलं आणि महिन्याभरात वाकलं, फरशीवर घासायला लागलं. उघडताना अशी करकर व्हायची की माझ्या गल्ल्यापर्यंत ऐकू यायची.

न राहवून मी विचारलं. चाचा पेन्सिलीला टोक करत होते.

"सकाळी पहिलं दार ती उघडती," ते म्हणाले. "तिला उघडता आलं पायजे. अन् मला कळलं पायजे. बाभळीचं केलं तर तिच्यानं वढत न्हाय. सागवान बोलत न्हाय. मग ऱ्हायलं काय?"



मी पहाटेच दुकान उघडतो. शटर वर करताना समोरून ती करकर यायची आणि तिच्या मागोमाग चाचांचा झोपाळलेला आवाज.

"किदर चली?"

"घरकू."

"ठैर, मैं बी आता."

ते कधी "हेच तर घर आहे" असं समजवायला गेले नाहीत. चपला घालून बरोबर निघायचे. दोघं स्टँडवर जाऊन बाकावर बसायची, चहा प्यायची. गाडी लागायच्या आधी चाचींच्या मनातून परंडा निघून गेलेला असायचा. मग घरी. रोज. थंडीत, पावसात, रोजा असला की चाचांच्या वाटचा चहा वगळून.

त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मिस्त्री आहे, येरमाळा रोडला त्याचं स्वतःचं दुकान आहे. त्याला ते दार बघवेना. उस्तादच्या घराला असलं दार, लोक काय म्हणतील. चाचा चाचींजवळ शेजारीण बसवून परगावी चौकटीचं माप घ्यायला गेले होते, मीही माल आणायला बाहेर होतो, तेवढ्यात त्यानं येऊन दार उतरवलं, खालून रंधा मारला, बिजागऱ्यांना तेल सोडलं आणि पुन्हा बसवून दिलं. भक्तीनं केलं त्यानं. चाचा रात्री दमून परत आले, चाचींनी दार उघडंच ठेवलेलं होतं आणि ते आत आल्यावर त्यांनीच लोटून घेतलं. करकर झाली नाही, हे चाचांच्या ध्यानात आलं नाही.

पहाटे मी शटर उघडलं तेव्हा समोर सगळं शांत होतं. जरा वेळानं चाचा अनवाणी बाहेर आले. दाराची फळी धरून त्यांनी ती पुढं-मागं हलवली. दार अगदी अलगद फिरलं, त्यांच्या जुन्या दारांसारखं.

स्टँडवर चाची नव्हत्या. आम्ही मोटारसायकली काढल्या, ओढ्याकडं गेलो, विहिरी बघितल्या.  दुपारी बार्शीच्या स्टँडवरून फोन आला. एका कंडक्टरनं त्यांना उतरवून चौकीशेजारी बसवलं होतं. एका पायात चप्पल, दुसरा पाय सोललेला. चाचांना बघून त्या म्हणाल्या, "इत्ती देर?"

संध्याकाळी तो मिस्त्री येऊन उंबऱ्याशी रडला. चाचा त्याला रागावले नाहीत. "काम चांगलं केलंस. आता बिघडव," ते म्हणाले. त्यानं खालून आंब्याची ओली पट्टी ठोकली. चांगलं दार बिघडवायला त्याचा हात धजत नव्हता, आणि चाचा पाटावर बसून सांगत होते, "आजून. आजून घासू दे."

पुढच्या थंडीत चाची गेल्या. घरात, आपल्या अंथरुणात, चाचांचा हात हातात असताना. मला त्या दुःखातही बरं वाटलं.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर तोच मिस्त्री रंधा घेऊन आला. "उस्ताद, आता तरी?"

"ऱ्हाऊ दे," चाचा म्हणाले. "घरात बोलणारं तेवढंच हाय."

मग पहाटेची करकर त्यांच्या एकट्याची झाली. ते स्टँडवर जायचे, बाकावर बसून चहा प्यायचे, परत यायचे. गेल्या उन्हाळ्यात तेही गेले. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती वेळ बघून येते, शटर उघडायच्या वेळी.

त्यांचा मुलगा भला आहे. सगळं उरकून पुण्याला परत जायच्या दिवशी तो माझ्याकडं आला. "काका, घराला बाहेरून लावायला एक मजबूत कडी द्या. आणि कुलूप." मी फळीवरची कडी काढून दिली. न देऊन काय करणार होतो?

त्यानं स्वतःच ती ठोकली. मग दार ओढून घेतलं आणि ते फरशीवर घासत करकरत आलं. गल्ल्यावर नोटा मोजता मोजता माझी मान आपोआप वर झाली. मी थांबलो, नेहमीसारखा. आतून कुणी विचारलं नाही. मुलानं कडी सरकवली, कुलूप घातलं, एकदा ओढून बघितलं आणि पिशवी उचलून तो स्टँडकडं निघाला.