न गोठणारं तळं

नॉर्थ डकोटात मुलाकडे गेले होते. भर हिवाळ्यात चहूकडे नुसतं पांढरं, गोठलेलं. वीजकेंद्रामागचं तळं तेवढं काळंभोर, वाफाळतं. केंद्रातलं गरम पाणी त्यात सोडतात. त्या वाफेत शेकडो रानहंस निमूट बसलेले.

“हे आता दक्षिणेला जातच नाहीत,” त्याच केंद्रात काम करणारा माझा मुलगा म्हणाला. “पिल्लं इथेच वाढली. त्यांना वाट कुणी दाखवलीच नाही.”

“आणि केंद्र बंद झालं तर?”

“होणारच आहे, आई. पुढच्या थंडीच्या आधी.”

ऊब मिळाली की वाट विसरायला एक पिढी पुरते. केंद्राची घरघर जमिनीतून माझ्या पायांत चढत होती.

मध्येच ती घरघर क्षणभर थांबली. सगळ्या माना एकदम केंद्राकडे वळल्या.

मुलाचीही.