चौथ्या गोळीची मुदतवाढ

जगात मधुमेह पुष्कळांना होतो, पण तो सेवाशर्तींसह झालेला माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. अंबरनाथच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं आस्थापना विभागात काढून ते निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत रक्तात साखर सापडली. बदलापूरच्या कात्रपमधल्या डॉक्टरीणबाईंनी चार गोळ्या लिहून दिल्या. दुसरा कोणी असता तर घरी येऊन डोक्याला हात लावून बसला असता. मामा घरी येताना एक लांबोडकी वही घेऊन आले आणि त्यांनी चारही गोळ्यांच्या सेवापुस्तिका उघडल्या. नेमणुकीचा दिनांक, कामाचे स्वरूप, कामाची वेळ, वर्तणूक, असे रकाने आखले. मोठ्या पांढऱ्या गोळीपुढे ‘कामसू, परंतु घशात अडते’ असा शेरा होता आणि धाकट्या पिवळीपुढे ‘आगाऊ, पोटात गडबड करते, तोंडी समज दिली’ असा. मी हसलो तर म्हणाले, “जावईबापू, माणूस ठेवला की त्याचं रेकॉर्ड ठेवावं लागतं. आणि ह्या काही कायमच्या नाहीत, कंत्राटी आहेत. एकेक करून सगळ्यांना घरी पाठवणार!”

या शेवटच्या वाक्यावर त्यांचा पुढचा सगळा संसार चालला. बदलापूरच्याच हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या घरी दाराआड हजेरीचं एक मस्टर टांगलेलं असे. सकाळी सहाला सही करून नदीपर्यंत चालत जायचं आणि परत आल्यावर पुन्हा सही. पाच मिनिटं उशीर झाला तर स्वतःच्याच नावापुढे लाल फुली आणि तीन फुल्या झाल्या की अर्ध्या दिवसाची रजा कापायची. एकदा गुडघा धरला म्हणून जाता आलं नाही, तर त्यांनी स्वतःकडे आजारपणाच्या रजेचा अर्ज केला, आणि दाखला जोडलेला नाही म्हणून तो परतही पाठवला. शेवटी मामींना ‘माझे यजमान खरोखरच लंगडत आहेत’ असं सहीनिशी लिहून द्यावं लागलं. होळीला दोन पुरणपोळ्या खाल्ल्या तेव्हा तर त्यांनी स्वतःला कारणे दाखवा नोटीस बजावली. तीन दिवसांत लेखी खुलासा मागवला. खुलाशात ‘पत्नीने आग्रह केला’ असं कारण दिलं, ते असमाधानकारक म्हणून फेटाळलं, आणि एक प्रत माहितीसाठी फ्रीजवर चिकटवली. मामी ती वाचून म्हणाल्या, “चाळीस वर्षं संसार केला, आता माझ्यावर ठपका ठेवताय होय?” त्यानंतर दोन दिवस त्या घरात चहा झाला नाही. बिनसाखरेचासुद्धा.

चालून चालून मामांच्या पँटी ढगळ झाल्या, तेव्हा मी त्यांना उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात जीन्स घ्यायला नेलं. दुकानदार सिंधी, गोड बोलणारा. “बोलो अंकल, कमर कितनी?” एवढंच त्याने विचारलं. मामा म्हणाले, “मागच्या तिमाहीत अडतीस, चालू तिमाहीत छत्तीस, पुढच्या तिमाहीत चौतीस अपेक्षित आहे.” दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, “साईं, इनको पँट आज पेहननी है की दिवाली में?” मामांनी चौतीसचीच घेतली. ती गुडघ्याच्या वर चढेना. घरी आल्यावर त्यांनी ती जेवणाच्या टेबलासमोर खिळ्याला टांगली आणि वर कागद लावला, ‘उद्दिष्ट’. पुढे सात महिने त्या घरात मी जेवलो तो त्या जीन्सकडे बघत. तिसरी पोळी मागायची मलाही कधी हिंमत झाली नाही. आठव्या महिन्यात मामा ती घालून आमच्याकडे आले, तेव्हा वाकायचं मात्र टाळत होते.

वर्ष सरताना रिपोर्ट सुधारले आणि डॉक्टरीणबाईंनी पिवळी गोळी बंद केली. आता छत्तीस वर्षं मामांनी कारखान्यात साहेबांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाचे निरोप समारंभ पार पाडलेले. त्यांना ती गोळी नुसती कचऱ्यात टाकवेना. त्यांनी रीतसर निरोप समारंभ ठेवला. सोसायटीच्या गच्चीवर सतरंज्या, समोर टेबल, टेबलावर चांदीच्या वाटीत पिवळी गोळी आणि वाटीभोवती शालीऐवजी नवा हातरुमाल. शेजारी श्रीफळ. अध्यक्षपदी सोसायटीचे सेक्रेटरी. मामींनी ओवाळायला साफ नकार दिला, म्हणून तेवढा एक कार्यक्रम गाळला. “दोन शब्द” बोलायची पाळी माझ्यावर आली. गोळीबद्दल काय बोलणार? मी आपला म्हणालो, “पिवळीताई आकाराने लहान होत्या, पण त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण होईल.” खालच्या मजल्यावरच्या आजींनी चक्क डोळ्यांना पदर लावला. मग मोड आलेल्या मटकीची भेळ आणि ताक झालं. दुसऱ्या वर्षी दुसरी गेली, त्यानंतरच्या वर्षी तिसरी. लोक वाट बघायला लागले. रस्त्यात भेटले की विचारायचे, “काय, आता कोणाचा नंबर?” आणि मामा छाती काढून म्हणायचे, “शेवटची राहिलीय. मोठी पांढरी.”

त्या मोठ्या पांढरीचा समारंभ मामांना दणक्यात करायचा होता. घोडचूक झाली ती इथे. साखरेची तीन महिन्यांची सरासरी इतकी छान उतरत होती की त्यांनी रिपोर्टची वाट न पाहता दीड महिना आधीच पत्रिका छापल्या, आणि प्रमुख पाहुण्या म्हणून खुद्द डॉक्टरीणबाईंना बोलावलं. मग पत्रिका वाटायला निघाले. बदलापूर झालं, अंबरनाथ झालं, उल्हासनगरचे पाचही कॅम्प झाले, वांगणीचे साडूसुद्धा सुटले नाहीत. दिवस आंब्याचे. आनंदाची पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी कोरड्या तोंडाने पाठवत नाही. कुठे आमरस, कुठे शिरा, कुठे नुसताच पेढा. मधुमेह हरला म्हणून लोकांनी मामांना प्रेमाने गोड भरवलं आणि मामांनीही ते कार्यालयीन कामकाज समजून खाल्लं. बरं, हे सगळं फिरणं रिक्षाने, म्हणजे मस्टर तेवढे दिवस ‘बाहेरगावी कामानिमित्त’. मी एकदा दबकत बोलून पाहिलं. “जावईबापू, दौऱ्यावरचा खर्च वेगळ्या खात्यात धरतात,” असं मला उत्तर मिळालं.

समारंभाला गच्ची भरली. डॉक्टरीणबाई आल्या. उल्हासनगरात वाढलेल्या, तिशीतल्या, सिंधी घरातल्या. त्यांच्या पर्समध्ये त्याच दुपारी आलेला रिपोर्ट होता. मामांनी तो घडी न उघडताच त्यांना पाठवून दिला होता. चेंडू टाकायच्या आधीच मामांनी धाव मोजली होती. वाटीत गोळी, भोवती यावेळी खरी छोटी शाल. बाई उठल्या, त्यांनी गच्चीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “अंकल, सॉरी. ही अभी रिटायर नाही होणार. शुगर परत वर गेली आहे. हिला मुदतवाढ द्यावी लागेल.” क्षणभर कोणालाच काही कळेना. सेक्रेटरींनी तर सवयीने टाळ्या वाजवल्या. बाईंनी मग फार चांगलं समजावलं, की तीन गोळ्या सुटल्या हेच मोठं आहे, चौथी राहिली म्हणजे नापास झालात असं नाही, कोणाची सुटते, कोणाची नाही, आणि आपल्या मनाने मात्र कधी बंद करायची नाही. मामा उभे राहिले. आभारप्रदर्शन त्यांच्याकडे होतं. त्यांनी कागद काढला, बघितला, परत खिशात ठेवला आणि वाटी उचलून जिना उतरून गेले. भेळ कोणी खाल्ली नाही. मीही नाही, हे माझी बायको शपथेवर सांगेल.

पुढचे पंधरा दिवस मामींचे फोन येत राहिले. “गोळी घेतात, पण बाकी सगळं सोडलंय हो. मस्टर काढून माळ्यावर टाकलं. सकाळी नऊपर्यंत झोपतात. काल सामोसे आणवले, मी ओरडले तर म्हणाले, आता कोणासाठी करायचं?” आजवर मामांची मी इतकी टिंगल केली, पण हे ऐकून मला भीती वाटली. हा माणूस नोटिसा बजावत होता तोवर तो जगणार याची खात्री होती.

मी रविवारी गेलो. मामा खिडकीशी बसले होते, समोर तीच पांढरी गोळी आणि पाण्याचा पेला. मी काहीतरी धीराचं बोलायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, “हिच्यावर राग नाही हो माझा. तुम्हाला एक सांगू? माझा स्वतःचा निरोप समारंभ झाला ना, त्याची शाल मीच आणली होती. खरेदी माझ्याकडेच असायची. भाषणात साहेब म्हणाले, यांच्यावाचून आमचं पान हलणार नाही. मी दोन महिने फोन जवळ ठेवून झोपलो. म्हटलं, एखादी फाइल सापडणार नाही, कोणीतरी विचारेल. कोणी विचारलं नाही.” त्यांनी गोळी तळहातावर घेतली. “हिला बघा, समारंभाच्या दिवशीच परत बोलावलं.” आणि पाण्याबरोबर ती गिळून टाकली.

मी उठलो, मामींच्या वाणसामानाच्या यादीचा कागद उलटा केला आणि त्यावर अर्ज लिहिला. ‘माननीय मामासाहेब यांस. मागील महिन्यात माझीही साखर काठावर आल्याचे निष्पन्न झाले आहे. ही बाब मी भीतीपोटी पत्नीपासूनही लपवली आहे. माझ्याकडून एकट्याने सकाळचे चालणे होत नाही. तरी उद्यापासून आपण माझ्यासोबत यावे, ही नम्र विनंती. आपल्याशिवाय अडले आहे.’ यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

मामांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. मला वाटलं, आता पेन मागतील, शेरा मारतील. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, बराच वेळ. इतक्या वर्षांत मामांनी मला लेखी न देता दिलेली अशी ती पहिलीच मंजुरी.