फटफटीकाकू आणि वाऱ्याचा पूल

काकूंचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक आहे. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या त्या फटफटीकाकू. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा, आणि तो घरच्याच पुढच्या खोलीत चालतो. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात आणि समोरच्या भिंतीला टेकून त्यांची काळी, जाडजूड मोटारसायकल उभी असते. ती बाहेर ठेवायला काकू तयार नाहीत. त्यामुळे घरात शिरणाऱ्या पाहुण्याला एकीकडून जबडे दात दाखवतात आणि दुसरीकडून हँडल पोटात ढोसतं.

ही फटफटी त्यांच्या आयुष्यात आली ती थोरल्या भावामुळे. भाऊ नोकरीसाठी दूरगावी गेला आणि गाडी परसात पडून राहिली. आईने ती विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, किका मारमारून घामाघूम झालं, पण गाडी ढिम्म. तेव्हा काकू कॉलेजात होत्या. कपडे वाळत घालता घालता त्या सहज पुढे झाल्या, भाऊ करायचा तसं आधी किल्लीजवळचं बटण दाबून धरलं आणि एकच किक मारली. गाडीने असा आवाज काढला की शेजारच्यांची मांजर भिंतीवरून थेट छपरावर गेली. गिऱ्हाईक खूश झालं, पण काकूंनी हँडल सोडलं नाही. ‘‘आई, ही आता चालू झालीय. चालू गाडी कुणी विकतं का?’’ आईने गिऱ्हाइकाला चहा पाजून वाटेला लावलं आणि गाडी घरातच राहिली.

लग्न ठरायच्या वेळी त्यांनी नवऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारला. ‘‘माझ्या मागे बसायला भीती वाटेल का?’’

तो शाळेत चित्रकला शिकवायचा. साधी सायकलसुद्धा त्याला येत नव्हती. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘वाटेल. पण बसेन.’’

एवढ्यावर काकूंनी होकार दिला. काका तेव्हापासून मागे बसताहेत. वळण आलं की ते डोळे मिटून मोठमोठ्याने गाऊ लागतात. गळा बरा आहे, पण वळण संपलं की कडव्याच्या मधेच थांबतात.

काकू स्वयंसेवक झाल्या त्या मात्र पडल्यामुळे. एका वळणावर रस्ता दुरुस्त करणाऱ्यांनी उरलेली खडी तशीच पसरून ठेवली होती. चाक सटकलं, काकू एकीकडे, गाडी दुसरीकडे, आणि गळपट्टीचं हाड मोडलं. दवाखान्यात पडल्या असताना एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ भेटायला आले. हे गावातले जुने मेकॅनिक. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांनी दुचाकीस्वारांचं एक मंडळ काढलं होतं.

‘‘बाई, तुम्ही पडलात ते फार बरं झालं,’’ वस्ताद म्हणाले.

काकांनी हातातलं मोसंबं खाली ठेवलं. ‘‘काय म्हणालात?’’

‘‘तसं नव्हे हो. आम्हाला चिटणीस हवा आहे. आणि खडीबद्दल भांडायला खडीवर पडलेलं माणूस मिळालं, तर आणखी काय पाहिजे?’’

काकूंना इतकं हसू आलं की हाड ठणकलं. हात गळ्यात बांधलेला असतानाच त्या चिटणीस झाल्या. वस्तादांच्या गॅरेजमागच्या खोलीत जुन्या टायरांवर बसून मंडळाच्या सभा व्हायच्या. खडी उचलायला लावणं, रस्त्यावरचे ओल्यात निसरडे होणारे रंगाचे पट्टे बदलून घेणं, घाबरणाऱ्या बायकांना मैदानावर गाडी शिकवणं, असली कामं. कुणी ‘मोटारसायकलवाले सगळे उनाड’ असं म्हणालं, की काकू त्याला शांतपणे म्हणायच्या, ‘‘तुमची कवळी मीच केलीय, मग माझ्या हातावर भरवसा आहे ना?’’

अशी वर्षं चांगली चालली होती. मग नदीवर नवा पूल झाला. पलीकडच्या काठावर काकांची बहीण राहायची, त्यामुळे सगळं घर खुशीत होतं. पण पूल खुला होऊन महिना होतो न होतो तोच त्याच्या तोंडाशी पाटी लागली – दुचाकींना मनाई. मोटारी, ट्रक, बस, सगळ्यांनी वरून जावं आणि दुचाकीवाल्यांनी मात्र खालच्या जुन्या, खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्याने भलामोठा वळसा घालावा.

मंडळ पेटून उठलं. पुलाचा कारभार पाहणारा अभियंता हडकुळा, गंभीर माणूस होता. त्याला बाराही महिने सर्दी. काकू आणि वस्ताद त्याच्या कचेरीत गेले.

‘‘पुलावर वारा फार आहे, मॅडम,’’ तो नाक पुसत म्हणाला. ‘‘दोन मोटारसायकली कठड्याला घासल्या. उद्या कुणी नदीत गेलं तर?’’

‘‘वारा काय मोटारसायकल बघून वाहतो?’’ काकू कडाडल्या. ‘‘तुम्हाला आम्ही नकोच आहोत, ते सांगा ना सरळ!’’

त्याने पुन्हा रुमाल नाकाला लावला. काकू तावातावाने बाहेर पडल्या, आणि जिन्यातच त्यांना कल्पना सुचली. मनाई गाडी चालवायला होती, ढकलायला नव्हती. सगळ्यांनी गाड्या ढकलत, फूटपाथवरून पूल ओलांडायचा! वस्तादांनी मिशीवर हात फिरवला. ‘‘बाई, तुम्ही कवळ्या करण्यात आयुष्य फुकट घालवलंत.’’

रविवारी सकाळी मोर्चा निघाला. हेल्मेट घातलेली माणसं गाड्या ढकलत चालली आहेत, हा देखावा बघायला बसमधले लोक खिडक्यांतून वाकले. वर्तमानपत्राचा बातमीदारही आला. काकू सगळ्यांच्या पुढे आणि मागून काका गाडीला हात लावून. प्रत्यक्षात ते गाडीला धरूनच चालत होते.

पुलाच्या मध्यावर पोचेपर्यंत सगळं झकास होतं. तिथे काठावरची टेकडी संपते आणि नदीचं पात्र एकदम उघडं पडतं. अचानक बाजूने असा सणसणीत झोत आला की काकूंच्या हातातली गाडी कलंडली. काकूंनी दात आवळून ती पेलली, काकांनी पलीकडून खांदा लावला. बाकीच्यांची तारांबळ उडाली. वस्तादांची टोपी नदीच्या दिशेने गेली ती गेलीच. दहा पावलं पुढे गेल्यावर मात्र वारा नेहमीसारखा, अगदी गुणी.

काकू थांबल्या. गाडी स्टँडवर लावून त्या झोताच्या जागी परत आल्या, पदर सावरत उभ्या राहिल्या. पुन्हा झोत आला. मग त्या गाडीकडे वळल्या.

पलीकडच्या टोकाला बातमीदार वही उघडून तयार होता. ‘‘काय म्हणणं आहे तुमचं, काकू?’’

घोषणा पाठ होत्या. सगळे बघत होते. काकूंनी एकदा पुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अभियंता साहेब म्हणतात ते खरं आहे. मधे वारा धोक्याचा आहे. मी कालपर्यंत मानत नव्हते.’’

मंडळातला एक गडी उसळला. ‘‘काकू, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?’’

‘‘न पडण्याच्या!’’ काकूंनी ठणकावलं. ‘‘पण वारा आहे तो तेवढ्याच पट्ट्यात. त्यासाठी सबंध पूल का बंद?’’

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच कचेरीत गेल्या. ‘‘साहेब, परवा मी तुम्हाला तोडून बोलले. चुकलं माझं.’’

अभियंत्याने रुमाल खाली ठेवला. त्याला बहुधा भांडणाची सवय होती, याची नव्हती. मग त्याने कपाटातून एक नकाशा काढून टेबलावर पसरला. त्या मधल्या पट्ट्यात वारा अडवणारी उंच जाळी आणि वारा वाढला की पेटणारा लाल दिवा, असं सगळं त्याने स्वतःच कधीचं आखून ठेवलं होतं.

‘‘मग लावली का नाही?’’

‘‘वरचे म्हणाले, मागणी कुणाची आहे? मागणी कुणाचीच नव्हती. लोक फक्त शिव्या घालत होते.’’

‘‘अहो, मग मागणी म्हणजे काय, ती आम्ही पोत्याने आणून देऊ!’’

आणि दिली. मंडळ आणि अभियंता एकाच बाकावर बसून वरच्यांना भेटू लागले. हेलपाटे बरेच पडले. मधल्या काळात वस्तादांनी अभियंत्याला वाफ घ्यायचे इतके प्रकार शिकवले की त्याची सर्दी थोडी तरी हटली. शेवटी जाळी उभी राहिली, दिवा बसला आणि पाटी निघाली.

त्या रविवारी काकू काकांना मागे बसवून पुलावरून निघाल्या. दिवा विझलेला होता. जाळीच्या आडोशाने वारा नुसता शीळ घालत होता. काका डोळे उघडे ठेवून बसले होते.

‘‘अहो, गात का नाही आज?’’ काकूंनी विचारलं.

‘‘अगं, पूल सरळ आहे. आणि नदी इतकी छान दिसते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.’’

नणंदेने दार उघडलं तेव्हा तिच्या केसांना मेंदी थापलेली होती. ‘‘इतक्यात पोचलात? मी म्हटलं, तुम्हाला अजून तासभर लागेल!’’

‘‘वन्सं, आता सवय करा,’’ काकू हेल्मेट काढत म्हणाल्या, ‘‘आम्ही आता दर रविवारी येणार.’’

नणंदेने एक क्षण विचार केला. मग म्हणाली, ‘‘या की. पण पुढच्या खेपेला दादाला घरी ठेव. मागे मी बसणार आहे.’’