दुपारचं धान

माझे वडील चंद्रपूरकडच्या मूल गावी एका राईस मिलमध्ये धान वाळवायच्या कामावर होते. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायचा तर धान आधी उकडतात, मग सिमेंटच्या मोठ्या अंगणात पसरून वाळवतात, आणि वाळेपर्यंत ते सारखं खालीवर करावं लागतं. हे काम पायांनी करतात. माणूस पाय न उचलता, घासत घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो, धानात सऱ्या पडत जातात, मग आडवा चालून त्या मोडतो. नवख्या माणसाला वाटतं, याचं काहीतरी हरवलं आहे. चप्पल घालायची नाही. तशी पाटी कुठं लावलेली नाही, पण धान म्हणजे लक्ष्मी, आणि तिच्यावर चप्पल घालून जायची आमच्याकडे कोणाची छाती नाही. मिलचे सेठसुद्धा अंगणाच्या काठावर बूट काढतात. ते दोन पावलं आत जातात, मूठभर धान उचलून बघतात आणि परत येतात.

बाबांना शुगर निघाली तेव्हा घरात फारसं दुःख झालं नाही. शुगर हा खाऊनपिऊन सुखी लोकांचा आजार, अशी आमच्या मोहल्ल्याची समजूत. सेठलाही शुगरच होती. "सेठले आहे तेच मले आहे," असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सेठची बरोबरी करायची संधी आमच्या घराण्याला पहिल्यांदाच मिळाली होती आणि बाबांना ती वाया घालवायची नव्हती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. भात कमी करा, रोज चालत जा, अनवाणी फिरू नका, असं त्यांनी समजावून सांगितलं. भाताचं ऐकून मायनं माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे शेतात धान, मिलमध्ये धान, रेशनवर तांदूळ, आणि मिलमधून घरी काही आलंच तर तांदळाची कणी. पोळ्या पाहुणे आले की होतात. चालण्याबद्दल बाबांनी विचारलं, "अजून किती चालू, बाई?" बाईंना वाटलं, पेशंट गमतीदार आहे. अनवाणी फिरण्याचं बाबांनी मान डोलावून ऐकलं, आणि बाहेर आल्यावर दारात काढलेली चप्पल शोधून पायात घातली.

सेठना त्यांच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसणार. सेठ पांढरे बूट घालून सकाळी तलावाकडे फिरायला जाऊ लागले, त्यांच्या घरी ज्वारीची भाकरी सुरू झाली. त्यांची शुगर आटोक्यात आली, हेही बाबाच घरी येऊन कौतुकानं सांगायचे.

उन्हाळ्यात आमच्याकडचं सिमेंट काय तापतं, ते ज्यानं त्यावर पाय ठेवला त्यालाच माहीत. दुपारचं धान पालटायला कोणी राजी नसे. माणसं अर्ध्यातून पळत येत आणि ओल्या बारदान्यावर उभी राहत. एका मे महिन्यात बाबा घरी येऊन म्हणाले, "आता मले चटकाच लागत नाई. पाय पक्के झाले." इतकी वर्षं या कामात गेली, पाय पक्के होणारच, असं मायही म्हणाली. लोहाराच्या हाताला जसं गरम-थंड कळत नाही, तसं. आम्हा सगळ्यांना ते पटलं. मी तेव्हा कापडाच्या दुकानात कामाला लागले होते. तिथल्या बायकांना मी हे अभिमानानं सांगितलं.

मग दुपारची पाळी बाबांचीच झाली. सेठनी चारचौघांत त्यांची पाठ थोपटली, मठ्ठ्याचा पहिला गिलास त्यांना देऊ लागले. बाकीचे कडुनिंबाखाली बसून बघत. मुकादम म्हणे, "भाऊचे पाय नोहे, खूर होय." बाबा हसत आणि आणखी एक फेरी मारत. त्याआधी आयुष्यात कोणी त्यांना कशासाठी शाबासकी दिली होती, असं मला तरी आठवत नाही.

मायला आधी वास आला. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फोड फुटून काळा पडला होता आणि त्यात धानाचा एक दाणा रुतून बसला होता. तो कधीपासून आहे, हे बाबांना ठाऊक नव्हतं. मायनं हळद भरून फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले, कारण दुपारची पाळी दुसरं कोणी घेत नव्हतं. पाय सुजून पोटरीपर्यंत लाल झाला तेव्हा आम्ही त्यांना चंद्रपूरला नेलं. तिथं अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

तिथले डॉक्टर तरुण होते आणि थकलेले होते. ते वैतागून म्हणाले, "दुखायला लागलं तेव्हाच का नाही आलात?"

"दुखलं असतं तर आलो असतो ना, साहेब," बाबा म्हणाले.

पाय पक्के झाले नव्हते, शुगरनं बधिर झाले होते, हे तिथं कळलं आणि मला भयंकर राग आला. डॉक्टरांचा, मिलचा, त्या मठ्ठ्याच्या गिलासाचा, आणि सगळ्यात जास्त आमच्या अभिमानाचा. पण दवाखान्यात राग काढायला जागा नसते, म्हणून मी औषधं आणायला गेले.

आता बाबा मिलच्या गेटवर खुर्चीत बसतात. सेठनी ती जागा स्वतःहून दिली. खोटं कशाला बोलू. गेटवर धान नसतं, त्यामुळे बूट घालायला हरकत नाही.

या उन्हाळ्यात मी एकदा दुपारी स्कूटीवरून त्यांचा डबा घेऊन गेले होते. दुपारची पाळी आता ज्याच्याकडे आहे तो नागभीडकडचा माणूस पाणी प्यायला गेटवर आला आणि आमच्याजवळ टेकला. बाबांपेक्षा बराच लहान, चांगला धडधाकट. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्याचं बोलणं सुरू झालं. मध्येच म्हणाला, "भाऊ, पहिले मले लय चटके लागत. आता काईच लागत नाई."

बाबा जेवता जेवता थांबले. "पाय इकडे कर," म्हणाले.

"काऊन भाऊ? तुम्ही मोठे, तुमच्यासमोर पाय..."

"कर म्हणतो ना."

त्यानं लाजत पाय पुढं केला. बाबांनी तो मांडीवर ओढून घेतला आणि तळव्यात अंगठ्याचं नख रुतवलं, इतकं की त्यांचं नख पांढरं पडलं. तो माणूस सांगत होता की मांडव घरासमोरच घालायचा आहे, जागा लहान पडेल, पण भागवून घेऊ, आणि भाऊ, तुम्ही सगळ्यांनी यायचंच.

बाबांनी नख काढलं नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"स्कूटी काढ," म्हणाले. "याले दवाखान्यात ने."