सगुणाबाईचं वय

तिचा वरचा ओठ मी माझ्या अंगठ्याने वर उचलला. सभापतीच्या हुकमावरून, भर सभागृहात. एवढं आमच्या वस्तीला ठाऊक आहे. पुढे मी त्याचा सूड कसा घेतला तेही ठाऊक आहे. जयंतीच्या कार्यक्रमात मी ते कितीदा तरी सांगितलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण ओठ उचलला तेव्हा ती काय बोलली आणि मी काय उत्तर दिलं, हे मी कोणालाच सांगितलं नाही. वर्षानुवर्षं टाळलं. आता वय झालं, उद्या लिहिता येणार नाही. म्हणून आज लिहितो.

चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातली एक लहान नगरपरिषद. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मी तिथे कारकून होतो. आमच्या बौद्ध वस्तीतून त्या इमारतीत खुर्चीवर बसणारा पहिला माणूस. माझ्याआधी आमची माणसं तिथे शिरली ती झाडू घेऊन.

त्या वर्षी सरकारी अनुदान कमी आलं. चौकात कमान तर बांधायची होती. मग सर्वसाधारण सभेत खर्च कुठे कापायचा यावर चर्चा झाली आणि सगळ्यांच्या नजरा झाडूवाल्या बायांवर गेल्या. त्या नऊ वर्षांपूर्वी एकदमच कायम झाल्या होत्या. दहा वर्षं पुरी झाली की पेन्शन लागू होणार. "मंग मरेपर्यंत पोसा यायले," एक सदस्य म्हणाला. पोसा. हाच शब्द.

तोड काढली आरोग्य समितीच्या सभापतीने. साठाव्या वर्षी निवृत्ती, हा नियम. या बायांपैकी एकीजवळही जन्माचा दाखला नाही. मग वय आपणच ठरवू, आणि जी साठीची निघेल तिला दहा वर्षं भरायच्या आत घरी पाठवू. कोणी म्हणालं, चंद्रपूरला सिव्हिल सर्जनकडे न्यावं लागेल. सभापती हसला. तो राईस मिलचा मालक. बैलबाजारात त्याचा शब्द शेवटचा.

"दात पाहून बैलाचं वय सांगतो मी," तो म्हणाला. "मानसाचं काय अलग असते?"

सभागृह हसलं. ठराव मंजूर. 'समितीने प्रत्यक्ष पाहणी करून वय निश्चित करावे.' तो ठराव मी लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं.

पाहणीच्या दिवशी खिडकीच्या उजेडात एक खुर्ची मांडली. अकरा बाया ओळीत उभ्या. सभापती खर्रा चघळत दूर बसला होता. एकेक बाई खुर्चीवर बसायची, आ करायची, तो लांबूनच पाहायचा.

"ही सहा दाती. ठेव हिले दोनचार साल."

"ही जुळली, पुऱ्या दाताची. साठ लिव्ह."

मी लिहीत होतो.

सगुणाबाई खुर्चीवर बसली. तोंड उघडेना.

"काऊन वो, आ कर ना."

"दात पाहाचे असन त आधी दाम ठरवा," ती म्हणाली. "बाजारात दात पाह्यले का मानूस बैल घरी नेते, चारा टाकते. तुमी त दात पाहून हाकलून राह्यले."

ओळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सभापतीचा चेहरा उतरला. मग तो माझ्याकडे वळला.

"ओ बाबूसाहेब. तुमच्यातलीच हाये ना ही? आमचा हात कायले लावतो तिले. तूच वठ वर कर."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझा स्वतःचा कायम होण्याचा कागद त्याच आठवड्यात त्याच समितीपुढे होता. मी पेन ठेवला. उठलो.

समोरचे तीन दात नव्हते. ते कसे गेले हे मला माहीत होतं. कचऱ्याने भरलेली हातगाडी उतारावरून मागे आली आणि दांडा तिच्या तोंडावर बसला. गाडी नगरपरिषदेची, कचरा गावाचा. रक्ताळलेल्या पदरासह तिला दवाखान्यात मीच सायकलवर नेलं होतं. आणि तिचं वय? ती आणि माझी माय एकाच मांडवात लग्न लागून वस्तीत आलेल्या. बरोबरीच्या. माझ्या मायला तेव्हा पन्नासही लागलं नव्हतं.

माझा अंगठा तिच्या ओठाखाली होता. ती हळू आवाजात, बोबडं बोलली. फक्त मला ऐकू गेलं.

"बापू, सांग ना यायले. तुयी माय अन मी एका बरोबरीच्या."

"काय मनते?" सभापतीने विचारलं.

"काही नाई साहेब," मी म्हटलं.

"मंग लिव्ह. साठ."

मी साठ लिहिलं. खाली सही केली.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पदराने ओठ पुसला आणि उठून गेली.

महिनाअखेरीस सात बाया घरी बसल्या. प्रत्येकीला एक लुगडं, एक नारळ. सगुणाबाई आलापल्लीपलीकडच्या गावात लेकीकडे गेली. वस्तीत तिने माझ्याविषयी एक शब्द काढला नाही. बाकीच्या बाया म्हणायच्या, पोराची नोकरी होती, त्याच्याकडून करवून घेतलं. मी मान हलवायचो. मी कायम झालो.

पण सभापतीला मी सोडणार नव्हतो. तीन वर्षं वाट पाहिली. आता आस्थापनेचं टेबल माझ्याकडे होतं, सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात. सभापतीचा थोरला भाऊ जकात नाक्यावर शिपाई होता. जन्माचा दाखला त्याच्याजवळही नव्हता, आणि सेवापुस्तकात तो आपल्या धाकट्या भावापेक्षा, म्हणजे सभापतीपेक्षाच, चार वर्षांनी लहान होता. मी टिपणी ठेवली. दात पाहण्याचा तो जुना ठराव जोडला. विरोधी सदस्यांनी ती सभेत मोठ्याने वाचली.

सभापती माझ्या टेबलाशी आला. खुर्ची ओढून बसला. मला कधी अरेतुरेशिवाय बोलला नव्हता.

"भाऊ, मिटवून टाका ना."

"ठराव तुमचाच हाये साहेब. मी त फक्त लिवला."

पुन्हा तीच खिडकी, तीच खुर्ची. बाहेर सगळे सफाई कामगार झाडू टेकवून उभे. त्यांना मीच निरोप दिला होता. थोरला भाऊ ओठ घट्ट मिटून बसला. मी सभापतीकडे पाहिलं.

"तुमच्या घरचेच हायेत ना साहेब? आमचा हात कायले लावतो. तुमीच वठ वर करा."

त्याने केला. ओठ उचलला तशी वरची कवळी सुटून त्याच्या हातात आली. खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "हा त बिनदाती निंगाला बापा." जे हसू उठलं ते रस्त्यापर्यंत गेलं. मी खणखणीत आवाजात म्हटलं, साठ. आणि लिहिलं.

मला आनंद झाला. आज आठवलं तरी होतो. तो मी परत करणार नाही.

जयंतीला सांगताना मी इथेच थांबतो. खरं तर सभा तिथे थांबली नव्हती.

एक म्हातारे शिक्षक सदस्य होते. ते उभे राहिले. म्हणाले, ही रीत आज लाजिरवाणी वाटत असेल तर त्या सात बायांचीही प्रकरणं उघडा. त्यांचं खरं वय ठाऊक असणारा एक माणूस पुढे आला तरी पुरे. मग त्यांनी मला विचारलं, "बाबू, तुमच्या वस्तीतल्याच बाया त्या. तुमाले ठाऊक असन."

त्या जुन्या कागदावर माझी सही होती. आज ठाऊक आहे म्हटलं, तर त्या दिवशीही ठाऊक होतं हे उघड. नोकरी गेली असती. खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा ती बाहेरची गर्दी मोठी वाटली. ती गर्दी माझ्यासाठी हसली होती.

"जुना रेकॉर्ड पाहा लागन," मी म्हटलं.

रेकॉर्ड माझ्याच कपाटात होता. मी पाहिला नाही. पुन्हा कोणी विचारलं नाही.

सभापतीच्या भावाची नोकरी वीस वर्षांच्या वर भरली होती. त्याला हार मिळाला आणि पूर्ण पेन्शनही. माझ्या सुडाने त्या घराचं गेलं काय? एक दुपार. सगुणाबाईचं सगळं म्हातारपण गेलं.

मी एकदा तिच्याकडे गेलो. माय वारली, ते सांगायचं निमित्त होतं. अंगणात मोहफुलं वाळत टाकली होती आणि ती काडीने कोंबड्या हाकलत होती. तेंदूपत्ता तोडून बोटं काळी पडलेली. माझी माय गेल्याचं ऐकून तिने काडी खाली ठेवली. मग कोरा चहा केला.

"एवढ्या दूर हेच सांगाले आला?"

"आलापल्लीच्या डेपोत काम होतं," मी खोटं बोललो.

"तुले भेटन न पेन्शन पुढं?"

"हो."

"बरं हाये," ती म्हणाली.

टोमणा होता की नाही, कळलं नाही. तिचा आवाज सपाट होता. ओठावर आलेलं मी गिळलं. बस आली, बसलो. दोन उन्हाळ्यांनी तिच्या लेकीचा निरोप आला. सगुणाबाई गेली.

आता नगरपरिषदेची नवी इमारत झाली आहे. तिच्या सभागृहाला त्या सभापतीचं नाव द्यायचं घाटतं आहे. त्याचा मुलगा घरोघर फिरून सह्या घेतो. माझ्याकडेही आला होता. जुने कर्मचारी म्हणून चार शब्द बोला म्हणाला. बोलतो म्हटलं.

मी जाणार आहे. हाच कागद वाचणार आहे. त्याच्या बापाने काय केलं ते, मी काय केलं ते, सहीसकट. सात बायांची नावं एकेक करून घेणार आहे. माइक बंद केला तर बिनामाइकचा वाचेन. हात धरून खाली बसवलं तर बसून वाचेन. नातवाला सोबत यायचं होतं, त्याला नको म्हटलं. तिथे मला कोणी सावरायला नको. वस्तीतली पोरं मागे उभी असतील. माझ्यासाठी वाजवलेल्या टाळ्या त्यांना परत घ्यायच्या असतील तर त्यांनी घ्याव्या. त्या भिंतीवर ते नाव मी सुखाने लागू देणार नाही.

माफीचं वाक्य मात्र या कागदात घातलेलं नाही. ते आलापल्लीच्या बसमध्ये मी तीनदा पाठ केलं होतं. ते तिला ऐकवायचं होतं. या लोकांपुढे वाचून मी ते अंगावरून उतरवणार नाही. ते माझ्यापाशीच राहील, न दिलेलं.