ब्रेक गार करणारे चष्मेवाले

आमचे चष्मेवाले महिन्यातून एका रविवारी आपली वीस वर्षांची चिमुकली गाडी रेसट्रॅकवर पिटाळतात. घेतली स्वस्तात, पण इंजिन भल्याभल्यांना घाम फोडणारं. तिथे शेवटची फेरी सावकाश मारायची, म्हणजे तापलेले ब्रेक गार होतात, हे ते शिकले आणि अंगवळणीच पडलं. आता कोपऱ्यावरून भाजी आणली, तरी स्वारी घरावरून पुढे जाते आणि गोगलगायीच्या चालीने वस्तीला एक फेरी घालते.

परवा बायकोने वैतागून दाराशीच गाडी थांबवायला लावली आणि पिशवी घेऊन उतरली. "या तुम्ही सावकाश!"

चष्मेवाले घरात शिरले, तेव्हा ती आपला रिकामा कप विसळत होती.

"झाले ब्रेक गार?"

"अगदी!"

"मग बसा. तुमचा चहाही झालाय गार."